इंडी संगीत ॲपच्या भरवशावर ऐकायचं की स्वतः शोधायचं?

आडवाटेचा:
इंडी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर स्वतंत्रपणे केलेलं संगीत, ऐकणाऱ्या मित्रांमध्ये हा वाद सारखा निघतो म्हणून इथे टाकतोय. माझं मत असं की स्ट्रीमिंग ॲपवर इंडी संगीत आपल्या ताटात वाढलं जातं आणि वाढणाऱ्याचा हात सारखा त्याच दोन-चार भांड्यांत जातो. स्पॉटिफायचं डिस्कव्हर वीकली २०१५ला आलं, दर सोमवारी ३० गाणी तयार. त्यामागचा मोठा हिशोब हा की तुमच्यासारखी आवड असलेल्या लोकांनी त्यांच्या प्लेलिस्टमध्ये कशाशेजारी काय ठेवलंय. मग ज्या बँडला अजून कुणीच कुठल्या प्लेलिस्टमध्ये घातलेलं नाही तो माझ्यापर्यंत येणार कसा? आणि इंडीत असेच बँड जास्त.

त्यापेक्षा बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार थेट श्रोत्यांना अल्बम विकतात त्या साइटवर, जाऊन बघा. अल्बमच्या पानावरच तो विकत घेणाऱ्यांचे छोटे चौकोनी फोटो असतात, काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, कुठलं गाणं सगळ्यात आवडलं तेही सांगितलेलं असतं. एका फोटोवर क्लिक केलं की त्या माणसाचं अख्खं कलेक्शन उघडतं, म्हणजे शूगेझच्या (धूसर, गोंगाटी गिटारचं रॉक) शेजारी कुणीतरी जंगलात केलेलं फील्ड रेकॉर्डिंग, त्याखाली कॅसेटवर काढलेला पंकचा अल्बम, एकमेकांशी काडीचा संबंध नाही, फक्त एकाच माणसाला हे सगळं आवडलंय. तिथून पुढच्याच्या कलेक्शनमध्ये. निम्मं नाही आवडत, कबूल, पण जे आवडतं ते वर्षानुवर्षं सुटत नाही.

लूपमधली:
साफ असहमत. तास-तास क्लिक करत बसायला सगळ्यांकडे वेळ नसतो हो. दिवसभराच्या कामानंतर माणूस हेडफोन लावतो, ॲप काहीतरी लावतं, त्यातलं एखादं काळजात घुसतं आणि मग आपण त्या बँडचे मागचे सगळे अल्बम काढतो. मला आवडणारे निम्मे बँड असेच मिळालेत, त्यांची भाषाही मला येत नाही, मी शोधायला गेले असते तर काय टाइप केलं असतं?

आणि सगळं प्लेलिस्टच्या शेजारावर चालतं हेही पूर्ण खरं नाही. गाण्याचा आवाज तपासून, म्हणजे टेम्पो, वाद्यं, एकूण पोत बघूनही शिफारस होते, ती मुळात नव्या, कुणी न ऐकलेल्या गाण्यांसाठीच केलेली सोय आहे. पूर्वी रेडिओवाला आणि रेकॉर्ड कंपनी ठरवायची की तुम्ही काय ऐकणार. आता कुणीही डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे ॲपवर गाणी चढवून देणाऱ्या कंपनीकडून, गाणं टाकतं आणि ते जगभर पोचतं, याचं मोल कमी समजू नका. बँडकॅम्पचं कौतुक करताना हेही सांगा की २०२२मध्ये ते एपिक गेम्स या गेम कंपनीने घेतलं, २०२३मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीला विकलं आणि त्या व्यवहारात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली.

खोलीतला_गिटारवाला:
मी स्वतः गाणी करतो, घरच्या खोलीतच रेकॉर्ड करतो, त्यामुळे दोघांनाही थोडं सांगतो. कलाकाराला एक डॅशबोर्ड मिळतो, त्यात दिसतं की प्ले कुठून आले, लोकांच्या स्वतःच्या लायब्ररीतून की संपादकांच्या प्लेलिस्टमधून की ॲपने आपणहून लावले म्हणून. माझं एक गाणं झोपताना लावायच्या प्लेलिस्टमध्ये गेलं होतं. आकडा सर्रकन वर गेला. सेव्ह करणारे जवळपास कुणीच नाही, फॉलो करणारे त्याहून कमी, आणि प्लेलिस्टमधून काढल्यावर आलेख धाडकन खाली. त्यातल्या कुणाला माझं नावही माहीत नसणार. गाणं पोचलं, मी नाही पोचलो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

पैशाचं तर बोलायलाच नको. २०२४पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसतील तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतं आणि बाकीचं, पेमेंटचा खर्च वजा करून, माझ्याकडे येतं. दहा जणांनी अल्बम घेतला तरी मला कळतं ते दहा जण कोण.

आडवाटेचा:
@लूपमधली, रेडिओवाला गेला म्हणता, मग डिस्कव्हरी मोडचं काय? स्पॉटिफायने २०२०मध्ये ते जाहीर केलं. कलाकाराने कमी रॉयल्टी मान्य केली की त्याचं गाणं ॲपमधल्या 'रेडिओ'त आणि ऑटोप्लेमध्ये, म्हणजे ॲप आपणहून गाणी लावतं तिथे, पुढे येण्याची शक्यता वाढते. म्हणजे तुम्हाला 'आपोआप' सापडलेलं गाणं पुढे यावं म्हणून कुणीतरी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतलेला असू शकतो, आणि ऐकताना तुम्हाला ते कळतही नाही.

लूपमधली:
हे वाईटच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हा राग पैसे वाटण्याच्या पद्धतीवर आहे, तो शोधण्याच्या सोयीवर काढू नका. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची वर्गणी एका गल्ल्यात जाते आणि एकूण प्लेच्या हिश्शाने वाटली जाते, त्यामुळे मी महिनाभर एकच छोटा बँड ऐकला तरी माझे पैसे बहुतांशी बड्या स्टारकडेच जातात. हे बदलता येतं. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग साइटने २०२१मध्ये छोट्या कलाकारांसाठी सुरू केलंच ना, की ज्या श्रोत्याने ज्याला ऐकलं त्याचे पैसे त्यालाच. सगळ्यांनी हे करावं म्हणून भांडूया, मी येते सोबत.

मंद्रसप्तक:
पैशावर बरंच झालं, मला ऐकण्याबद्दल बोलायचंय. ३० सेकंद झाले की प्ले मोजला जातो, त्याआधी पुढे ढकललं तर नाही. परिणाम ऐकू येतो. कितीतरी नव्या गाण्यांत गाणारा पहिल्या क्षणालाच हजर, प्रस्तावना नाहीच. मला आवडणाऱ्या एका पोस्ट-रॉक (गाण्यापेक्षा वाद्यांवर हळूहळू चढत जाणारं रॉक) अल्बमची सुरुवात नुसत्या ॲम्प्लिफायरच्या गुणगुणीने होते, मग लांबून एक सिंबल, मग कितीतरी वेळाने गिटार, आणि ती येते तेव्हा अंगावर काटा येतो कारण तुम्ही थांबलेले असता. असलं गाणं शफलमध्ये आलं तर शंभरातले नव्वद जण पुढे ढकलतील आणि यंत्र शिकेल की हे कुणाला नको. म्हणून माझं मत आडवाटेचा यांच्या बाजूने, निदान अशा संगीतापुरतं तरी.

लूपमधली:
मी ढकलणार नाही :) अल्बमचं नाव द्या की.

@गिटारवाला, एक सांगा, माझ्यासारखी ॲपवर ऐकणारी, ॲप न सोडता, तुमच्यासाठी काय करू शकते?

खोलीतला_गिटारवाला:
गाणं आवडलं तर सेव्ह करा, नाव बघा, फॉलो करा, अल्बम शफल न करता पहिल्यापासून लावा. स्वतः शोधून ऐकलेलं डॅशबोर्डवर वेगळं दिसतं आणि तो आकडा छोटा असला तरी आम्ही तोच बघत बसतो. आणि वर्षातून एकदा तरी एखादा अल्बम विकत घ्या, तोही बँडकॅम्प फ्रायडेला. मार्च २०२०मध्ये हे सुरू झालं, त्या ठरलेल्या शुक्रवारी ते त्यांचा वाटा घेत नाहीत. सोबत दोन ओळी लिहिल्यात तर अजून बरं, त्या मी सगळ्या वाचतो.