मॉरिशस: पक्ष सगळ्यांचे, तरी उमेदवारांची मोजदाद समाजानुसार का?

प्रश्न (सातारचा_वाचक)

नोव्हेंबर 2024 मध्ये मॉरिशसच्या मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या, तेव्हापासून मी त्या देशाच्या राजकारणाविषयी मिळेल ते वाचत आहे. वाचनातून एक कोडे मात्र सुटण्याऐवजी अधिकच घट्ट झाले. तिथल्या मोठ्या पक्षांपैकी एकाचेही नाव धर्मावरून वा वंशावरून पडलेले नाही. मजूर पक्ष आहे, पॉल बेरांजे यांचा एमएमएम आहे, जगन्नाथ पिता-पुत्रांचा एमएसएम आहे, आणि या सर्वांत हिंदू, मुसलमान, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), चिनी असे सगळ्याच समाजांचे लोक दिसतात. असे असूनही उमेदवाराला अर्ज भरताना आपला समाज लिहून द्यावा लागतो आणि निवडणुकीनंतर काही जागा त्या नोंदीनुसार वाटल्या जातात, असे वाचनात आले. ही व्यवस्था अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी आहे, की तिच्यामुळेच समाजांतील भिंती पक्क्या होत गेल्या? तेथे राहिलेल्या वा या विषयाचा अभ्यास असलेल्या सभासदांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

उत्तर १ (बंदरावरचा)

मी राजधानी पोर्ट लुईमध्ये सहा वर्षे नोकरी केली. तिथल्या सहकाऱ्यांकडून ऐकलेले आणि नंतर वाचून पडताळलेले असे दोन्ही येथे मांडतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन प्रतिनिधी निवडून जातात, रॉड्रिग्ज बेटावरून दोन, असे एकूण बासष्ट. मतदाराला तीन मते असतात आणि तिन्ही द्यावीच लागतात. दोनच खुणा केल्या तर मतपत्रिका बाद होते. त्यामुळे प्रत्येक आघाडी तीन नावांचा संच पुढे करते, आणि त्या संचात कोणाच्या शेजारी कोण बसवायचे यावरच उमेदवारीची खरी लढाई होते. अमुक मतदारसंघात दोन हिंदू आणि एक मुसलमान, तमुक ठिकाणी दोन क्रिओल आणि एक तमिळ, असा हिशेब पक्ष कार्यालयांत उघडपणे चालतो. तिथले लोक त्याला काहीशा उपहासाने ‘शास्त्रशुद्ध जमातवाद’ म्हणतात.

निवडून आलेल्या बासष्टांवर जास्तीत जास्त आठ जागा ‘सर्वोत्तम पराभूत’ उमेदवारांना दिल्या जातात. पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहिला जात नाही. ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी प्रतिनिधित्व मिळाले असेल, त्या समाजातील सर्वाधिक यशस्वी पराभूत उमेदवार आत घेतला जातो. उरलेल्या चार जागा देताना मात्र, पहिल्या चारांमुळे पक्षांचे बलाबल बदलले असेल तर ते पूर्ववत करण्याकडे लक्ष दिले जाते.

आता समाज कोणते? राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात चारच दिले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि ‘सामान्य लोकसंख्या’. या चौथ्या वर्गाची व्याख्या मोठी मासलेवाईक आहे. ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिन्हींपैकी कोणातच मोडत नाही असे दिसते, तो ‘सामान्य’. म्हणजे उसाच्या मळ्यांचे मालक असलेल्या फ्रेंच घराण्यांचे वंशज आणि त्याच मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकी व मादागास्करच्या लोकांचे वंशज, हे दोघे घटनेच्या दृष्टीने एकाच रकान्यात बसतात. एकाच्या पूर्वजाने दुसऱ्याच्या पूर्वजाला विकत घेतले होते, याची त्या रकान्याला दखल नाही. 1993 मध्ये एका कॅथलिक धर्मगुरूने ‘क्रिओल व्यथा’ हा शब्दप्रयोग केला आणि तो सगळीकडे रुळला, याचे एक कारण हेही असावे की, क्रिओलांच्या दारिद्र्याला सरकारी आकडेवारीत स्वतःचे नावच नव्हते.

त्याहून विलक्षण बाब अशी की, या जागा आजही 1972 च्या जनगणनेतील आकड्यांवरून वाटल्या जातात. त्या वर्षी हिंदू सुमारे 52 टक्के, ‘सामान्य’ सुमारे 29, मुसलमान 17 च्या आसपास आणि चिनी जेमतेम 3 टक्के होते. पुढे 1982 मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्नच वगळण्यात आला. लोकांना समाजांत मोजू नये हा हेतू चांगला होता, पण जागा मात्र जुन्याच मोजणीवर चालू राहिल्या.

‘रेझिस्तांस एक आल्टर्नातीव’ या छोट्या डाव्या गटाने समाज लिहून देण्यास नकार दिला, त्याच्या उमेदवारांचे अर्ज बाद झाले आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. 2012 मध्ये समितीने म्हटले की, ताजी आकडेवारी नसताना समाज जाहीर करण्याची सक्ती करणे नागरिकांच्या राजकीय हक्कांचा भंग आहे. 2014 च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून सक्ती उठवण्यात आली. ज्यांनी समाज लिहिला नाही, त्यांचा या आठ राखीव जागांवरचा दावा मात्र गेला. 2024 मध्ये हाच गट विजयी आघाडीचा घटक म्हणून सत्तेत आला आहे.

उत्तर २ (जुन्या_फायली)

वरील उत्तर अचूक आहे, परंतु ते वाचून एखाद्याचा असा समज होईल की, ही व्यवस्था कोणाच्या तरी विक्षिप्त डोक्यातून निघाली. तसे नाही. मजूर पक्ष 1936 मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी स्थापन केला आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या आघाडीवर इमॅन्युएल आंकेतिल, गी रोझमों यांच्यासारखे क्रिओल पुढारी होते. पुढे ‘हिंदूंचा पक्ष’ म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला, त्या पक्षाचा हा उगम आहे. बदल घडला तो मताधिकारामुळे. 1948 मध्ये कोणत्याही भाषेत साक्षर असलेल्यास मत मिळाले आणि मतदार सुमारे बारा हजारांवरून एकदम सत्तर हजारांच्या वर गेले. मळ्यांवरची भारतीय वंशाची माणसे राजकारणात आली, हिंदू प्रतिनिधी मोठ्या संख्येने निवडून आले आणि एकही मुसलमान निवडून आला नाही. अब्दुल रझाक मोहम्मद यांनी पुढे मुसलमानांसाठी वेगळी संघटना काढली आणि संरक्षणाची मागणी लावून धरली, ती या अनुभवातून.

ऑगस्ट 1967 ची निवडणूक म्हणजे एका अर्थाने स्वातंत्र्यावरचे सार्वमतच होते. शिवसागर रामगुलाम यांचा मजूर पक्ष, सुखदेव बिसुनदयाल यांचा गट आणि रझाक मोहम्मद यांची संघटना स्वातंत्र्याच्या बाजूला; गाएतां द्युवाल यांचा पीएमएसडी हा पक्ष विरोधात. सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली, आणि ती देणाऱ्यांत क्रिओल मोठ्या संख्येने होते, कारण ब्रिटिश गेले की हिंदूंचे राज्य येईल अशी धास्ती त्यांना घालण्यात आली होती. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली, ती शमवण्यासाठी सिंगापूरहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, 12 मार्चला देश स्वतंत्र झाला. अशा वातावरणात आठ जागांची हमी नसती, तर अल्पसंख्य समाजांनी घटना मान्य केली असती असे मला वाटत नाही.

आणि या जागांचा एक अनपेक्षित उपयोगही नोंदवला पाहिजे. 1982, 1995 आणि 2024 अशा तीन वेळा मुख्य बेटावर 60-0 असा निकाल लागला. समोरच्या बाकांवर मुख्य बेटावरील जे थोडे विरोधक बसले, ते या राखीव जागांमुळेच.

प्रश्नकर्ता (सातारचा_वाचक)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. तिथल्या मराठी भाषकांची यात काय जागा आहे? ते घटनेच्या दृष्टीने हिंदूच ना?

उत्तर ३ (पाचवी_पिढी)

मी स्वतः तिथला. माझे पणजोबांचे वडील मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसला गेले. पदवीचे शिक्षण घेण्यासाठी मी पुण्यात आलो आणि येथेच लिहिण्याइतकी मराठी शिकलो, त्यामुळे चुका सांभाळून घ्याव्यात.

होय, घटनेच्या कागदावर आम्ही हिंदू. तमिळ आणि तेलुगूही हिंदूच. व्यवहारात मात्र ‘हिंदू’ हा शब्द आमच्याकडे बहुधा भोजपुरी भाषकांच्या वंशजांसाठी वापरला जातो, आणि आम्ही ‘मराठी’ म्हणून वेगळे मोजले जातो. मंत्रिमंडळ जाहीर झाले की एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी आहे की नाही हे घरोघरी पाहिले जाते, आणि नसेल तर आमच्या संस्थांमध्ये कुजबुज सुरू होते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. विसर्जनाला आमच्याकडे झाकरी नाचतात, ती कोकणातली जाखडीच आहे, आणि त्याच मांडवात पुढारी भाषण करून जातात. महाशिवरात्रीला गंगा तलावावरही हेच होते. मांडवात येणाऱ्या पुढाऱ्याचा आम्हाला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

नोटांचा प्रसंग सांगतो. 1998 मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला होता. पूर्वी तमिळ वर असे, म्हणून तमिळ समाजाने एवढा विरोध केला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि क्रम बदलून नव्याने छापाव्या लागल्या. त्या नोटांवरील चित्रे पाहिली तरी हिशेब कळतो: एक चिनी, एक फ्रेंच वंशाचा, एक तमिळ, एक मुसलमान, एक क्रिओल, आणि उरलेले दोन हिंदू, त्यात सर्वांत मोठ्या नोटेवर रामगुलाम.

आमच्या क्रिओल भाषेत ‘नू बान’ म्हणजे ‘आपली माणसे’. मत मागायला येणारा हे शब्द उच्चारत नाही, पण बोलणे त्यावरूनच चालते. हिंदूंच्या आतही वैश, राजपूत, रविवेद अशी जातींची गणिते आहेत. स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरले. अपवाद फक्त बेरांजे यांचा. तेसुद्धा 2000 साली अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याशी ठरल्याप्रमाणे तीन वर्षांनी, 2003 मध्ये पंतप्रधान झाले. 2005 मध्ये त्यांची आघाडी हरली. माझ्या वडिलांचे त्या वेळचे म्हणणे मला आठवते: “माणूस चांगला आहे, पण आपल्या गावात हे चालणार नाही.” वडील आयुष्यभर एमएमएमला मत देत आले होते.

उत्तर ४ (बंदरावरचा)

पाचवी_पिढी यांच्या वडिलांच्या वाक्यावरून एमएमएमविषयी थोडे लिहावेसे वाटते. 1969 मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने वंशाऐवजी वर्गाची भाषा आणली. बंदरातील आणि मळ्यांवरील कामगार त्याच्या संघटनांत एकत्र आले, डिसेंबर 1971 मध्ये आणीबाणी लागली, त्याचे पुढारी तुरुंगात गेले आणि 1972 ची निवडणूक पुढे ढकलली गेली. 1976 मध्ये तो सर्वांत मोठा पक्ष झाला, पण 1967 मध्ये एकमेकांविरुद्ध लढलेले मजूर पक्ष आणि पीएमएसडी त्याला बाहेर ठेवण्यासाठी एकत्र आले. 1982 मध्ये त्याच्या आघाडीने साठही जागा जिंकल्या, तेव्हाही पंतप्रधान म्हणून पुढे केले ते हिंदू अनिरुद्ध जगन्नाथ यांना, फ्रेंच वंशाच्या बेरांजे यांना नव्हे. वर्षभरातच सरकार फुटले. आर्थिक काटकसरीचा वाद होताच, शिवाय स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत क्रिओल भाषेत प्रसारित झाल्यावरून हिंदू समाजात नाराजी पसरली होती. ज्या पक्षाने हिशेब मोडायचे ठरवले, त्याने पहिल्याच विजयात हिशेब पाळला होता, हे मला नेहमी खटकते.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत विचाराल तर राखीव जागा काढल्याने भिंती पडतील असे नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये काया या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देशभर दंगल उसळली, तेव्हा संसदेत क्रिओल प्रतिनिधी होतेच. पण कोठडीबाहेर जमलेल्या तरुणांना ते आपले वाटत नव्हते.

उत्तर ५ (जुन्या_फायली)

मतदारसंघांचे आकारही पाहावेत. राजधानीतील मुस्लिमबहुल तीन क्रमांकाच्या मतदारसंघात वीसएक हजार मतदार आहेत, तर सावान आणि ब्लॅक रिव्हर मिळून झालेल्या चौदा क्रमांकाच्या मतदारसंघात त्यांच्या दुपटीहून अधिक, आणि दोन्हीकडून तीनच प्रतिनिधी जातात. आठ राखीव जागांवर वर्षानुवर्षे वाद होतो, पण या तफावतीबद्दल कोणताही मोठा पक्ष आवाज चढवत नाही.

पाचवी_पिढी

चौदा क्रमांक आमचाच. मराठी घरे तिकडे बरीच आहेत.