सोलर हीटर म्हणे ग्राहकाच्या कंजूषपणामुळे बिघडतो!

जुळेसोलापूरकर:
काल इथे एका सोलरवाल्या मालकांनी लिहिलं की सोलापुरातल्या सोलर वॉटर हीटरच्या बहुतेक तक्रारी बिनबुडाच्या असतात. लोकांना सगळ्यात स्वस्त माल पाहिजे, वापरायची अक्कल नाही आणि बिघडलं की बसवणाऱ्याच्या नावानं शिमगा. वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं जुळे सोलापुरात साधं घर. दोनशे लिटरचा ट्यूबवाला सोलर घ्यायचं ठरलं. तीन कोटेशनं मागवली आणि मधलं घेतलं. म्हणजे 'स्वस्तातलं पाहिजे' हा मुद्दा इथेच बाद.

कॉन्ट्रॅक्टर आला, जिन्यातून गच्चीकडे एक नजर टाकली, कानाला फोन होताच. 'होऊन जाईल सर.' टेप काढला नाही, टाकीची उंची विचारली नाही. आमची थंड पाण्याची काळी टाकी जिन्याच्या डोक्यावर आहे, फार उंच नाही. सोलरची टाकी बसल्यावर दिसलं की तिचा माथा काळ्या टाकीच्या तळापेक्षा वर आलाय. काळी टाकी अर्ध्यावर आली की गरम नळातून नुसती हवा, फुर्र फुर्र.

पुढचं ऐका. काळ्या टाकीतून सोलरला वेगळी लाइन द्यायची असते. यांनी बाथरूमच्या थंड लाइनलाच टी मारून फाटा काढला आणि एनआरव्हीही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावला नाही. थंड नळ सोडला की सोलरमधलं गरम पाणी उलटं ओढलं जातं. आमच्याकडे संडासाच्या फ्लशला गरम पाणी येतं आणि अंघोळीला कोमट.

ट्यूबचं तोंड दक्षिणेला हवं. यांनी पश्चिमेला केलं, कारण तिकडून पाइप कमी लागतो. सकाळभर जिन्याच्या खोलीची सावली ट्यूबवर. कोटेशनात गरम पाण्याला टिकणारं सीपीव्हीसी पाइप लिहिलेलं, आणलं साधं पीव्हीसी. एप्रिलमध्ये ते मऊ पडून जेवण झालेल्या माणसाच्या पोटासारखं मधोमध लोंबलं. स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिल मारून बसवले, पहिल्या पावसात हॉलच्या छताला ओल.

फोन केला की 'पोरगा पाठवतो'. पोरगा येतो, बघतो, 'मालकांना सांगतो' म्हणून जातो. कंपनीला फोन केला तर डीलरशी बोला. डीलर म्हणतो फिटिंग माझं नाही, ते लेबर वेगळं. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. नाव लिहीत नाही, पण आता सांगा मालक, यात माझा कंजूषपणा कुठे आला?

गरमपाणीवाला:
कालची पोस्ट माझी होती, म्हणून उत्तर देतो. तुम्ही सांगता तसं खरंच बसवलं असेल तर त्या माणसाला कामच येत नाही. विषय संपला. त्यावरून आम्हा सगळ्यांना एकाच माळेचे मणी करू नका.

आता आमची बाजू ऐका. मी गिऱ्हाइकाला सांगतो, टाकी उंच करा, चार फुटांचं लोखंडी स्टँड करून घ्या. उत्तर येतं, 'बाजूच्यांकडे तर नाही केलं.' मी म्हणतो काम दोन दिवसांचं आहे. 'दोन दिवस कशाला, दुसरा अर्ध्या दिवसात देतो.' सीपीव्हीसीचा रेट सांगितला की म्हणतात 'पाइप आम्ही आणतो', आणि घरी जातो तर शेतातलं उरलेलं पीव्हीसी काढून ठेवलेलं. एनआरव्ही लावला तर कमी उंचीच्या टाकीला प्रेशर कमी पडतं, लगेच फोन, 'धार बारीक येते, काढा ते.' मी काढला नाही तर नळवाल्याकडून काढून घेतात.

आणि थंड नळाला गरम पाणी येतं ना, त्यात निम्म्या ठिकाणी मिक्सर असतो. दोन्ही चाव्या उघड्या ठेवून खालचा हँड शॉवर बंद केला की दोन्ही लाइनी आतल्या आत एक होतात. हे बघितलंत का?

जुळेसोलापूरकर:
मिक्सर नाहीच आमच्याकडे. दोन वेगळे पितळी नळ आहेत, वडिलांच्या काळचे. पुढचं कारण सांगा.

गरमपाणीवाला:
मग टीचंच आहे. झालं समाधान?

सगळ्यात मोठं दुखणं तर कोणी बोलतच नाही. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. टाकी कोरडी पडते, ट्यूब उन्हात तापून बसतात, आणि पाणी आलं की भर दुपारी मोटर चालू. तापलेल्या काचेत गार पाणी गेलं की ट्यूब फुटणारच. मग 'माल डुप्लिकेट दिला.' रिकामी झालेली सिस्टीम संध्याकाळनंतर किंवा पहाटे भरा, हे मी प्रत्येकाला सांगतो. फुटलेली काच वॉरंटीत नसते, हे पण सांगतो. ऐकतंय कोण?

भवानीपेठ_अण्णा:
पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. भीमेवर एवढं मोठं उजनी, आणि सोलापूरकर बादल्या मोजतोय. समांतर जलवाहिनीचं ऐकून ऐकून आमची पिढी म्हातारी झाली. ब्रिटिशांनी १८७१ साली हिप्परग्याचा तलाव पुरा केला, तेव्हा बुलडोझर होता का? मग आता काय अडतंय?

होटगीरोडची_सून:
अण्णा, तुमच्याकडे निदान ठरलेल्या दिवशी तरी येतं. आमच्याकडे पहाटे तीनला येतं आणि पाचला जातं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली कुठली गोष्ट दाखवली असेल तर हौद. दागिने नंतर.

भवानीपेठ_अण्णा:
पहाटे तीनला उठायचा त्रास होतो म्हणे! आमच्या पेठेत लूमचा खडखडाट असायचा तेव्हा रात्रपाळी सुटलेले लोक नळावर रांगा लावायचे. तक्रार नव्हती कुणाची.

होटगीरोडची_सून:
रांगेत उभं कोण राहायचं अण्णा? रात्रपाळीवाले की त्यांच्या बायका?

भवानीपेठ_अण्णा:
विषय बदलू नका ताई.

विजापूरवेस_बॉइज:
विषय तर तुम्हीच बदलालात की बे अण्णा. सोलरच्या धाग्यात तलाव कुठून आणला? आणि सोलापुरात सोलर पाहिजेच कशाला? मे महिन्यात थंड नळ सोडला तरी पाठ भाजालीय. लोकं पैसा उडवालेत नुसते.

भवानीपेठ_अण्णा:
'बे' घरी करायचं. वयानं मोठा आहे मी तुझ्यापेक्षा.

होटगीरोडची_सून:
मे महिन्याचं सांगू नका भाऊ. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सकाळी सहाला या आमच्या गच्चीवर आणि थंड पाण्यानं अंघोळ करून दाखवा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रोज ऊन पाणी लागतं. गॅसवर तापवायचं तर सिलिंडर कसा पुरायचा?

विजापूरवेस_बॉइज:
बंब आहे की. तांब्याचा. चिपाडं, लाकडं टाकायची, ना कंपनी ना वॉरंटी. आमच्या आजीचा अजून चालू आहे.

होटगीरोडची_सून:
आणि धूर? राख कोण काढतं, तुम्ही का आजी?

विजापूरवेस_बॉइज:
...आई काढते.

बोअरवाला_सैफुल:
सगळे पाण्यावर घसरलात म्हणून माझंही ऐका. आमच्याकडे पूर्ण बोअरचं पाणी. भांड्यावर पांढरा थर बसतो असलं जड. दुकानदारानं तांब्याच्या नळ्यांचा फ्लॅट प्लेट सोलर दिला. 'ट्यूबपेक्षा मजबूत, दगड पडला तरी काही होत नाही.' दगड पडला नाही, पण आतल्या बारीक नळ्या क्षारानं चोंदल्या. ॲसिडनं धुऊन घेतल्या, थोडे दिवस चाललं, परत तेच. पाणी कसलं आहे हे विचारायचं काम कुणाचं? माझं का विकणाऱ्याचं?

गरमपाणीवाला:
विकणाऱ्याचं. शंभर टक्के. जड पाण्याला साधा फ्लॅट प्लेट देऊच नये. द्यायचाच तर हीट एक्स्चेंजरवाला द्यावा, त्यात नळ्यांतलं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं. तो महाग पडतो. ट्यूबमध्ये पण क्षार बसतो, पण नळी रुंद असते, खोलून साफ करता येते.

बघा, चूक असेल तिथे चूक म्हणतो मी. पण साहेब, तुम्हाला कोणी हीट एक्स्चेंजरचा भाव सांगितला असता तर घेतला असता का? मनावर हात ठेवून सांगा.

बोअरवाला_सैफुल:
सांगितला असता तर ठरवलं असतं. विचारल्याशिवाय 'गिऱ्हाईक घेणार नाही' हे तुम्हीच कसं ठरवता?

शेंगाचटणी:
एक वेगळं सांगते, उपयोगी पडेल. आमच्या कॉलनीत एक जण फिरत होता, 'गरम पाण्याच्या सोलरला सरकार सबसिडी देतंय, आधार द्या, ॲडव्हान्स द्या.' चार घरांनी पैसे दिले. सोलर वॉटर हीटरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना छतावरच्या विजेच्या पॅनेलची आहे. तीन किलोवॅट आणि त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये, तेही वीज बनवणाऱ्या पॅनेलला. बंबाला नाही, हीटरला नाही. लोक 'सोलर' ऐकलं की सह्या करतात.

भवानीपेठ_अण्णा:
सबसिडी पाण्याला द्या म्हणावं आधी.

जुळेसोलापूरकर:
अण्णा, हात जोडतो. नवीन धागा काढा, मी पहिली कमेंट करतो.

शेंगाचटणी:
जुळेसोलापूरकर, तुम्ही ग्राहक आयोगात का जात नाही? २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावायलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त दोन वर्षांच्या आत करा. आधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं. बिल आहे ना?

जुळेसोलापूरकर:
कोटेशन आहे त्यांच्या लेटरहेडवर. पैसे निम्मे ऑनलाइन, निम्मे रोख. बिल मागितलं तर 'पक्कं पाहिजे तर जीएसटी वर पडेल' म्हणाले.

गरमपाणीवाला:
आणि तुम्ही 'राहू द्या' म्हणालात. बरोबर ना? कच्च्या बिलावर घ्यायचं आणि पक्की वॉरंटी मागायची. आता बोला, कंजूष कोण?

जुळेसोलापूरकर:
मी 'राहू द्या' म्हणालो नाही. मी 'द्या' म्हणालो, तर म्हणाले 'महिनाअखेरीला देतो'. तो महिना अजून संपलेला नाही. ऑनलाइन गेलेल्या पैशाचा पुरावा बँकेत आहे, फोटो मोबाइलमध्ये आहेत, कोटेशनात सीपीव्हीसी आहे आणि गच्चीवर पीव्हीसी लोंबतंय. तेवढं मला पुरे. सगळं मांडून आयोगात देणार आहे.

शेंगाचटणी:
द्याच. आणि पाइप बदलायच्या आधी फोटो तारखेसकट काढून ठेवा. एकदा दुरुस्त केलं की समोरचा म्हणेल असं काही नव्हतंच.

विजापूरवेस_बॉइज:
गरमपाणीवाले मालक गप झाले बघा.

गरमपाणीवाला:
गप कशाला होऊ? दुकानात गिऱ्हाईक होतं. हे बघा, ज्यानं टी मारून एनआरव्ही न लावता फिटिंग केलं त्याची बाजू मी घेणार नाही. एवढीशी वस्तू वाचवायला एवढी लाज घालवायची, हे माझ्याच्यानं होत नाही. पण कालचं मागे घेत नाही. तुमच्यासारखे विचारून, लिहून घेणारे थोडे. बाकीचे पाचशे रुपयांसाठी दुकान बदलतात, आणि असली माणसं त्यांच्यामुळेच बाजारात टिकतात.

होटगीरोडची_सून:
म्हणजे शेवटी चूक गिऱ्हाइकाचीच. वा.

गरमपाणीवाला:
ताई, अर्धीच म्हणतो मी.

जुळेसोलापूरकर, गच्चीचा फोटो टाका, एअर व्हेंटचा, म्हणजे सोलरच्या टाकीत हवा ये-जा करायचा, पाइप पूर्ण दिसेल असा. तो काळ्या टाकीच्या वर उघडा आहे का बघा. तो बंद असेल आणि टाकी एकदम रिकामी झाली तर सोलरची टाकी आत चेपते, मग दुरुस्तीला काही उरत नाही. तो खाली असेल तर काळी टाकी भरली की त्यातून पाणी वाहतं.

जुळेसोलापूरकर:
फोटो टाकला. व्हेंट खालीच आहे. टाकी भरली की तिथून पाणी गळतं, मला वाटायचं तसंच असतं.

गरमपाणीवाला:
तसं नसतं. काळी टाकी स्टँडवर घ्यावी लागेल, सोलरला वेगळी लाइन आणि व्हेंट वर काढावा लागेल. तोंड दक्षिणेला फिरवायचं तर पाइप नवीन. तुमचे आयोगाचे फोटो झाले की कळवा, मी येऊन बघतो. व्हिजिट चार्ज लागेल, आधीच सांगतो.

जुळेसोलापूरकर:
देतो. पावती मिळेल ना?

गरमपाणीवाला:
जीएसटीसकट. आणि टेप आणतो मी.

भवानीपेठ_अण्णा:
नवीन धागा काढलाय. विषय: पाणी. सगळ्यांनी या.