झेरमॅटच्या खोऱ्यातील पाच दिवस: चालण्याची वाट कुठे संपते आणि गिर्यारोहण कुठे सुरू होते?

वाटसरू (प्रश्न)

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही चौघे स्वित्झर्लंडमधील झेरमॅट येथे पाच दिवस मुक्कामाला जात आहोत. तिघांना दिवसभर चालण्याची सवय आहे. चौथे माझे मेहुणे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. चढ त्यांना जमतो, परंतु लांब उतार लागला की त्यांचे गुडघे दुखू लागतात. हिमनदीवर आमच्यापैकी कोणीही आजवर पाऊल ठेवलेले नाही.

नकाशा पाहताना माझा गोंधळ उंचीच्या आकड्यांमुळे होत आहे. ओबररोटहॉर्न ३,४१४ मीटर आणि मेटलहॉर्न ३,४०६ मीटर, म्हणजे फरक अवघा आठ मीटरचा. तरीही पहिल्याचे वर्णन ‘चालत जाण्याचे शिखर’ असे केलेले आढळते आणि दुसऱ्याबाबत मात्र सावधगिरीच्या सूचना दिसतात. याउलट ४,१६० मीटरच्या ब्राइटहॉर्नला सर्रास ‘सोपे’ म्हटले जाते, कारण केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत नेऊन सोडते आणि उरते ती जेमतेम तीनशे मीटरची चढाई. ती आम्ही वाटाड्याशिवाय करावी काय? तसेच मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या हॉर्नली हट या डोंगरी निवाऱ्यापर्यंत दोर न वापरता जाता येते काय? वाटा कोणत्या क्रमाने घ्याव्यात, हेही कृपया सांगावे.

घसारा

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण या खोऱ्यात उंचीवरून वाटेची परीक्षा करताच येत नाही. केबल कार आणि दात्यांच्या रुळांवरून चढणारी रेल्वे माणसाला इतक्या वर नेऊन ठेवतात की ‘किती उंच’ हा प्रश्न निरर्थक होतो. पायाखाली काय आहे, एवढेच विचारावे. ओबररोटहॉर्नच्या वाटेवर माथ्यापर्यंत माती, दगड आणि घसारा आहे. मेटलहॉर्नच्या वाटेवर शेवटच्या सुळक्याआधी एका लहानशा हिमनदीचा पट्टा ओलांडावा लागतो. आठ मीटरच्या फरकाचे उत्तर त्या पट्ट्यात आहे.

तो पट्टा मी एकदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच पाहिला. गावातून १,८०० मीटर चढून आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा वरचा मऊ बर्फ पूर्ण वितळून गेला होता आणि खालचा करडा, काचेसारखा टणक बर्फ उघडा पडला होता. त्यावर बुटाची टाच जोराने आपटली तर नखाएवढी खूण उमटे. सोबत्याने काठी टेकवली, ती टोकावरून सरकली आणि तो बसक्या अवस्थेत दोन हात घसरला. काही लागले नाही. पण क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे काटे, आणले नव्हते, म्हणून शिखर डोळ्यांसमोर असताना आम्ही परतलो. जुलैमध्ये त्याच जागी पावले रुतण्याजोगा बर्फ असू शकतो आणि मग तीच वाट सोपी वाटते. तुमच्या महिन्यात तसे गृहीत धरू नका. शिवाय गावापर्यंतचा १,८०० मीटरचा उतार मेहुण्यांच्या गुडघ्यांना मानवणार नाही, त्यामुळे मेटलहॉर्न यादीतून काढावे असे मी सुचवेन.

स्वित्झर्लंडमधील खुणांचे रंग मात्र पाठ करून जा. पिवळी खूण साध्या वाटेची असते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा. तेथे पाऊल स्थिर हवे आणि दरी पाहून भोवळ येता कामा नये. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की पुढे बर्फ, हिमनदी किंवा हात लावून चढण्याचे कातळ असू शकतात, असे समजावे. फलकांवरील वेळ निव्वळ चालण्याची असते. विश्रांती आणि छायाचित्रे त्यात धरलेली नसतात.

हिमरेषा

ब्राइटहॉर्नबद्दल माझे मत काहींना अतिसावध वाटेल, तरीही लिहितो. वाटाड्याशिवाय जाऊ नका.

उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी तेथे मळलेली वाट असते आणि शेकडो माणसे जातात, हे खरे आहे. केबल कारच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर एवढे रुंद, सपाट बर्फाचे पठार दिसते की तेथे धोका असेल असे मनातही येत नाही. तीच त्या जागेची फसवणूक आहे. ते पठार म्हणजे हिमनदी आहे आणि तिच्या भेगांवर बर्फाचे पातळ पूल असतात. आमच्या वाटाड्याने वाटेपासून दोन पावलांवर काठी खोचली, तेव्हा ती सहज मुठीपर्यंत आत गेली. काठी काढल्यावर त्या भोकातून निळसर काळोख दिसला. धुके उतरले, तर जमीन आणि आभाळ एकच पांढरे होते आणि वाटेची पावले वाऱ्याने अर्ध्या तासात बुजतात. माथ्याखालचा शेवटचा उतार पुरेसा तीव्र आहे; तेथे क्रॅम्पॉन एकमेकांत अडकवून पडणारे मी पाहिले आहेत.

“आम्ही दोर बांधून जाऊ” असे कोणी सुचवेल. दोर बांधणे आणि दोर वापरता येणे या भिन्न गोष्टी आहेत. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसे पोहोचली, तेव्हा उतरताना सात जणांपैकी सर्वांत कमी अनुभवी असलेल्या तरुणाचा पाय सुटला आणि त्याच्याबरोबर आणखी तिघे खेचले गेले. दोर तुटला म्हणून मागचे तिघे वाचले. तो तुटलेला दोर झेरमॅटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. तो अवश्य पाहा. त्याची जाडी पाहून आश्चर्य वाटते. भेगेत पडलेल्या माणसाला वर ओढण्याचा सराव नसलेले चौघे एका दोरात असतील, तर एकाच्या पडण्याचे चौघांचे पडणे होऊ शकते.

दुसरी गोष्ट हवेची. गाव साधारण १,६०० मीटरवर आहे आणि तेथून तासाभराच्या आत तुम्ही ३,८८३ मीटरवर उभे असता, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत ६० ते ६५ टक्के असतो. त्यामुळे हे शिखर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नये.

जुनी पायवाट

वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र ब्राइटहॉर्नला सरसकट नाही म्हणणे मला पटत नाही. हिमनदीवरील प्रशिक्षण घेतलेली मंडळी ते स्वतः करतात आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचा गट त्यात बसत नाही, एवढेच.

हॉर्नली हटविषयी विचारले आहे. ती ३,२६० मीटरवर आहे आणि श्वार्त्झे या केबल कारच्या स्थानकापासून सुमारे सातशे मीटरची चढण आहे, साधारण दोन ते अडीच तासांची. वाट खुणांची आहे. कातळाला बसवलेले लोखंडी मार्ग आणि धरायला दोर काही ठिकाणी आहेत. बर्फ नसेल आणि भोवळ येत नसेल, तर दोर बांधण्याची गरज नाही. हटच्या मागे मात्र वाट नाही, तेथून थेट मॅटरहॉर्नची धार सुरू होते. “थोडे वर जाऊन पाहू” हा मोह टाळा. ४,४७८ मीटरच्या त्या शिखराची धार ढिल्या दगडांची आहे. २००३ च्या जुलैमधील तीव्र उष्णतेत खडकांना धरून ठेवणारा गोठलेला थर सैल होऊन तेथे मोठी दरड कोसळली आणि वर असलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.

दरडींचा विषय निघालाच आहे, तर झुलत्या पुलाचाही उल्लेख करतो. खोऱ्यात टॅश गावाच्याही खाली, पूर्वेकडील उतारावर २०१७ मध्ये बांधलेला ४९४ मीटर लांबीचा पादचारी पूल आहे. रुंदी जेमतेम पासष्ट सेंटिमीटर असल्यामुळे समोरून कोणी आले की अंग चोरून उभे राहावे लागते. याआधीचा पूल २०१० मध्ये बांधला आणि दरडीमुळे तो लगेच निकामी झाला. समोरच्या डोंगराचा १९९१ मध्ये कोसळलेला भाग आजही राखाडी पंख्यासारखा पसरलेला दिसतो. त्याने त्या वेळी नदी आणि रेल्वे दोन्ही अडवली होती. पुलावरून जाणारी लांब वाट अधूनमधून बंद केली जाते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेटलहॉर्न वगळले आहे आणि ब्राइटहॉर्नसाठी आम्ही तिघे वाटाडा ठरवत आहोत. मेहुणे त्या दिवशी गोर्नरग्राट या डोंगरधारेवर रेल्वेने जातील. उरलेल्या दिवसांचा क्रम कसा ठेवावा?

घसारा

पहिल्या दिवशी पाच तलावांची वाट घ्या. ब्लाउहेर्ड या स्थानकाला लिफ्टने जाऊन श्टेलिझे तलावापासून सुरुवात करावी. सकाळी लवकर, वारा सुटण्यापूर्वी, मॅटरहॉर्नचे प्रतिबिंब तेथे अखंड दिसते. नऊ-दहा किलोमीटरची ही वाट बव्हंशी उताराची असली तरी सौम्य आहे. दुसऱ्या दिवशी ओबररोटहॉर्न, म्हणजे ब्लाउहेर्डपासून सुमारे ८४० मीटरची चढण. मेहुण्यांना नको वाटले, तर ते वाटेतील खिंडीतून परतू शकतात. तिसरा आणि चौथा दिवस हवामान पाहून ब्राइटहॉर्न आणि हॉर्नली हट यांत वाटा. दुपारी वादळी पाऊस येण्याचा अंदाज असेल, तर कोणत्याही धारेवरून मध्यान्हापूर्वी खाली या. पूल शेवटी ठेवा.

विम्याची कागदपत्रे निघण्यापूर्वी नीट वाचा. हेलिकॉप्टरच्या बचावाचा खर्च ज्याचा त्याला सोसावा लागतो आणि दोर किंवा क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई अनेक प्रवासविम्यांतून वगळलेली असते. त्या प्रांतात बचावासाठी १४४ हा क्रमांक लावावा.

आणि दररोज निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ स्थानकावर पाहून ती लिहून ठेवा. ती चुकली, तर श्वार्त्झेहून गावापर्यंत जवळजवळ हजार मीटर पायी उतरावे लागेल, आणि तोच उतार मेहुण्यांसाठी तुमच्या यादीतील कोणत्याही शिखरापेक्षा कठीण आहे.