बाप्तिस्म्याआधी माणूस शिष्य असतो का?

सातारकर
१९१७ मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याचा विधी) घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यांनी ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा दिली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्या मंडळ्या, म्हणजे चर्च, तिथवर पोचलेल्या नाहीत. आपल्याकडे आधी पाण्यात उतरायचं, रजिस्टरात नाव घालायचं आणि शिकवण मागाहून. ती मागाहूनची शिकवण बहुतेक वेळा राहूनच जाते.

माझ्या मते माणूस येशूच्या मागे चालू लागला की शिष्यत्व सुरू होतं. बाप्तिस्मा त्याच वाटेवर पुढे येतो. मत्तय २८:१९-२० मध्ये जाणं, शिष्य करणं, बाप्तिस्मा देणं आणि पाळायला शिकवणं अशा चार क्रिया आहेत. मूळ ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच, 'शिष्य करा'. बाकी तिन्ही धातुसाधितं. स्वतः टिळकांच्या हाती नवा करार आला तो राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधल्या काळात ते कोण होते?

वचनपाठ
उमेदवार होते. लग्न ठरणं आणि लग्न लागणं यात आपण फरक करतोच ना?

व्याकरणाचा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो. 'बाप्तिस्मा देत' आणि 'शिकवत' ही धातुसाधितं मुख्य क्रियापदाची रीत सांगतात, म्हणजे शिष्य करायचे ते याच दोन गोष्टींनी. त्यातही बाप्तिस्मा आधी आहे. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडा, सगळ्यांचा बाप्तिस्मा लगेच: पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याच दिवशी, सुमारे तीन हजार, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं घर त्याच रात्री, हबशी अधिकारी तर रस्त्यातच, पाणी दिसताक्षणी. बाप्तिस्मा लांबवण्याची पद्धत तिथे कुठेच नाही.

दरबाराबद्दल आदर आहे, पण ज्याला आत यायला दार नाही त्याला भिंतीही राहत नाहीत. तो टिळकांमागे टिकला नाही.

सातारकर
टिळक ९ मे १९१९ ला गेले. दोन वर्षांच्या रोपाला फळ का आलं नाही, हे विचारणं अन्यायाचं आहे.

ते तीन हजार शास्त्रवचनं ऐकत वाढलेले यहूदी होते. हबशी अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत बसला होता. तुरुंगाधिकारी मात्र तसा नव्हता, तेवढं तुमचं मान्य. पण त्यालाही आधी वचन सांगितलं (कृत्ये १६:३२), पाणी नंतर. आणि रोमी अधिकारी कर्नेल्याच्या घरी? पवित्र आत्मा आधी उतरला, मग पेत्राने विचारलं की आता पाण्याला कोण हरकत घेणार.

दुर्का
दोघेही ज्यावर बोलत नाही ते मी बोलते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. दलित माणूस ख्रिस्ती झाला की मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली राखीव जागा, नोकरीतलं आरक्षण, सगळ्यावर पाणी. मराठवाड्यात किंवा नगरच्या बाजूला जो रोज वचन वाचतो, दारू सोडतो, शत्रूला क्षमा करतो, पण रजिस्टरात नाव घालत नाही, त्याला 'भित्रा' म्हणून मोकळं व्हायचं का? योहान १९:३८ अरिमथाईकर योसेफाला यहूद्यांच्या भीतीने गुप्त राहिलेला म्हणतो, तरी शब्द 'शिष्य' हाच वापरतो.

वचनपाठ
दुर्काताई, आदेश अन्यायाचा आहे, यावर दुमत नाही. पण तोच योसेफ त्याच वचनात रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचं शरीर मागतो, बाकीचे शिष्य पांगलेले असताना. गुप्तपणा त्याची पायरी होती, मुक्काम नव्हे. लूक १४ मध्ये येशू बुरूज बांधणाऱ्याला आधी खर्चाचा हिशेब करायला लावतो. शिष्यवृत्ती जाणं हा तो खर्च आहे. तो सोसणाऱ्या कुटुंबाची फी मंडळीने भरली पाहिजे, आणि आपण नेमके तिथेच कमी पडतो.

वसईचा_धर्मशिक्षक
कॅथलिक बाजूला हा वाद बऱ्याच अंशी सुटलेला आहे. प्रौढांसाठीचा दीक्षाविधी १९७२ मध्ये नव्याने आखला गेला. आधी चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार. इथपासून तो ख्रिस्तसभेच्या घरचाच, बाप्तिस्म्याआधी वारला तर दफनही ख्रिस्ती विधीने. ईस्टरआधीच्या शेवटच्या उपवासकाळात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी, ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकत्र. पुढे पेन्टेकॉस्टपर्यंत ५० दिवस, जे झालं त्याचा अर्थ उमगावा म्हणून. घाईच्या ठिकाणी कापला जातो तो नेमका हा शेवटचा टप्पा, आणि पावसाळा येईतो नवे लोक दिसेनासे होतात.

बालकाचा बाप्तिस्मा हा वेगळा प्रश्न. तिथे शिकवण मागाहूनच यायची, म्हणून घर शिकवणार नसेल तर धर्मगुरूंनी तो पुढे ढकलावा.

दुर्का
टप्पे चांगले आहेत. धोका दुसरीकडे आहे. मराठीत 'शिष्य' म्हटलं की मनात गुरू येतो. पाळक किंवा गटप्रमुख हळूहळू त्या जागी बसतो: नोकरी बदलू का, मुलगी कुठे द्यायची, त्याला विचारून. १९७० च्या दशकात फ्लोरिडातून पसरलेली 'शेफर्डिंग' चळवळ याच कारणाने बदनाम झाली. मत्तय २३:८ सरळ सांगतं की गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ.

म्हणून गट तीन-चार जणांचाच असावा, बायकांचा बायकांनी चालवलेला. मार्कचे १६ अध्याय, आठवड्याला एक, दीड तास. पहिली वीस मिनिटं मागच्या आठवड्यात ठरलेलं केलं का, यासाठी. ही वीस मिनिटं गेली की उरतो तो नुसता बायबल अभ्यास, आणि पाळायला शिकवणं थांबतं. वाचन पुढे नेणारा दर खेपेला बदलावा. आपसात उसने पैसे घ्यायचे नाहीत, गट फुटतो तो बहुधा त्यानेच.

वचनपाठ
हा आराखडा मला पटतो, चार रविवारांत प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा कितीतरी बरा. पण सोळा आठवडे संपले, सतराव्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आहे. तुमचा बिनबाप्तिस्म्याचा शिष्य त्या वेळी काय करणार?

सातारकर
प्राचीन मंडळीत वचनाचा भाग झाला की दीक्षार्थींना निरोप देत. 'दिदाखे' या प्राचीन ख्रिस्ती शिकवण-पुस्तिकेतही बाप्तिस्मा नसलेल्याने त्या भाकरीतून खाऊ नये असं आहे. मीही त्याला वाढणार नाही. पण त्याला बाहेर पाठवून दार लावणार नाही. त्याच्या शेजारी कोणीतरी बसेल, आणि त्याला तिथवर यायला काय आडवं येतंय, ते उपासना सुटल्यावर विचारेल.