इंटर्नशिपनंतर दोन वर्षं फक्त गाणं: चुकतंय का माझं?

काळी पाच:
ग्वाल्हेरहून लिहितेय. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सहावीपासून इथल्या लष्कर भागात एका गुरुजींकडे गाणं शिकतेय. गाण्याच्या परीक्षांपैकी मध्यमा बारावीच्या आधी झाली, विशारद पूर्ण गेल्या वर्षी कशीबशी दिली.

घरी, कॉलेजात, लग्नकार्यात भेटणारं प्रत्येक माणूस मला एकच सांगतं, दोन्ही सांभाळ. तीन वर्षं तेच करतेय. पहाटे पाचला हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, डिसेंबर-जानेवारीत तिथे धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, आठला वॉर्ड, मग लेक्चर, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी गुरुजींकडे. परीक्षा, पोस्टिंग, सर्दी-खोकला सगळं वजा केलं तर रोजची चाळीस मिनिटं हातात येतात. गेल्या आठ महिन्यांत हमीर रागातल्या एका बड्या ख्यालात मी बहलाव्याच्या, म्हणजे संथ स्वरविस्ताराच्या, पुढे गेलेले नाही. गुरुजी रागवत नाहीत, नुसतं म्हणतात, परत म्हण, आणि मला कळतं की मागच्या आठवड्यातलंच परत म्हणतेय.

मेडिसिन माझ्यावर कुणी लादलेलं नाही हेही सांगते. पहिल्या वर्षी डिसेक्शनला स्वरयंत्र हातात घेतलं तो दिवस मी विसरणार नाही. स्वरतंतू जेमतेम दीड सेंटिमीटरचे. काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत, सा लावला की ते सेकंदाला २३३ वेळा एकमेकांवर आपटतात, तार सा लावला की ४६६ वेळा, हे मी त्या रात्री वहीत मांडून पाहिलं. आणि डाव्या बाजूची नस तर मेंदूकडून निघून गळ्यापाशी न थांबता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि परत वर येऊन स्वरयंत्राला मिळते. मला ती सरळ मींडच वाटली, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणारी. त्या संध्याकाळी केसांना फॉर्मेलिनचा वास घेऊनच गुरुजींकडे गेले, त्यांनी आधी हातपाय धुवायला लावले आणि मग तासभर मलाच विचारत बसले, काय काय पाहिलंस.

तर माझं म्हणणं असं की हे तासांच्या हिशोबाने जमणार नाही, वर्षांच्या हिशोबाने जमेल. इंटर्नशिप संपली की दोन वर्षं फक्त गाणं, सकाळ-संध्याकाळ गुरुजींसमोर बसून. ते आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यानंतर नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. घरी हे बोलले तेव्हापासून बाबा जेवताना माझ्याशी बोलत नाहीत. मोकळेपणाने सांगा, विरोधात असाल तरी.

भूलवाली:
मी भूलतज्ज्ञ आहे, ग्वाल्हेरचीच, आणि गाते पण. विरोधात आहे, आणि खूप विचार करून विरोधात आहे.

नीट पीजीला एकोणीस विषय असतात ग. इंटर्नशिपच्या शेवटी ते जेवढे डोक्यात ताजे असतात तेवढे परत कधीच नसतात. दोन वर्षांनी बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक उघडशील तेव्हा ते पहिल्यापासून वाचावं लागेल, म्हणजे तुझी दोन वर्षं प्रत्यक्षात साडेतीन होतील. आणि हात! शिरेत सुई घालणं, टाके, नळी टाकणं, हे सगळं रियाजासारखंच आहे, सोडलं की जातं. ज्याला रोजच्या रियाजाची किंमत कळते त्याला हे वेगळं सांगायला नको.

मी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायची दुर्बीण, घातला की रोज चार-पाच जणांचे स्वरतंतू बघते. पांढऱ्या स्वच्छ दोन रेघा, मागे उघडलेल्या. अजूनही प्रत्येक वेळी पाव सेकंद थांबते, नळी आत सरकवताना कुठे घासू नये म्हणून, आणि ती काळजी मला गाण्याने दिली. मी बावीस वर्षं रोज अर्धा तास गातेय, एक दिवसाचाही दावा करत नाही की मोठी गायिका झाले, पण गाणं माझ्याकडे आहे. तुझी चाळीस मिनिटं कमी नाहीत.

तानपुऱ्यामागचा:
ताई, आदर ठेवून सांगतो, अर्ध्या तासात गाणं टिकतं, वाढत नाही. मी इथेच चाळीस वर्षं शिकवतोय. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीला अष्टांग म्हणतात ते शोभेसाठी नाही, आलाप, बहलावा, बोलतान, लयकारी, गमक सगळं एकाच ख्यालात बसवायचं असतं, आधी स्थायी-अंतरा पूर्ण मांडायचा आणि मग तिलवाडा नाहीतर झुमरा तालात चालत राहायचं. टप्पा, तराणा, अष्टपदी वेगळंच. हे घड्याळ लावून येत नाही. गुरू चहा पिता पिता एखादी जागा म्हणून जातो आणि तुम्ही तेव्हा समोर नसलात तर ती जागा गेली.

गवई कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये या गावात गाण्याचं विद्यालय काढलं, चार वर्षांनी माधव संगीत विद्यालय सुरू झालं. भीमसेन जोशी घरातून पळाले ते गुरू शोधत शोधत ग्वाल्हेरला येऊन इथे शिकून गेले. त्या वयात ते आलापाच्या मागे लागले होते, पुढे काय होईल याचा हिशोब केला नव्हता. मुली, दोन वर्षंसुद्धा कमीच आहेत, पण घ्यायची तर आत्ताच घे. गुरुजी एकाहत्तरचे आहेत हे तूच लिहिलंयस, त्यातच उत्तर आहे.

सरकारी बाप:
माझी मुलगी मेडिकलला आहे म्हणून लिहितोय, राग मानू नका. सरकारी कॉलेजची एक सीट म्हणजे लोकांच्या पैशातून झालेलं शिक्षण. त्या सीटसाठी दुसरं एखादं पोर दोन-दोन वर्षं घासत होतं, त्याला ती मिळाली नाही. आपल्याकडे गावाकडच्या दवाखान्यात आजही डॉक्टर मिळत नाही. अशा वेळी शिकून तयार झालेल्या डॉक्टरने दोन वर्षं घरी तानपुरा लावून बसणं मला पटत नाही. गाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ढोलीबुवांचं कीर्तन ऐकलं जातं, तानसेन समारोहाला सकाळी हरिकथा असते तिथे माझे वडील मला खांद्यावर घेऊन जात. पण ज्याचं त्याचं वेळेवर. आणि बाबा बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं नाही, ते घाबरलेत.

काळी पाच:
काका, घाबरलेत हे बरोबर असेल, मी तसा विचार केला नव्हता.

पण सीटचं म्हणता तर एक सांगा. माझ्या ओळखीत किमान सहा सीनियर आहेत जे इंटर्नशिपनंतर घरी बसून नुसती नीट पीजी देतायत, रेडिओलॉजी नाहीतर डर्मा मिळावं म्हणून, कुणाचं दुसरं वर्ष, कुणाचं तिसरं. कुणी एमबीबीएस करून यूपीएससी देतो, त्याच्या घरी पेढे वाटतात. या काळात तेही पेशंट बघत नाहीयेत. त्यांना कुणी विचारत नाही की लोकांचा पैसा कुठे गेला. रँकसाठी दोन वर्षं दिली की ती तयारी, गाण्यासाठी दिली की वाया, हे मला कळत नाही. मला खरंच याचं उत्तर हवंय, वाद म्हणून नाही विचारत.

सरकारी बाप:
उत्तर असं की ते परत येणार हे माहीत असतं. तू परत येशील याची खात्री तुझ्या बाबांना नाही.

चाट सुटलेला तबला:
मी मेडिसिनमध्ये पीजी करतोय दुसऱ्या शहरात, पहिलं वर्ष संपलंय, तबला शिकलोय अकरा वर्षं, आणि मला वाटायचं की पीजीला लागलो की एकदा सेट झालो की मग संध्याकाळी वाजवेन वगैरे, तर पहिल्या सहा महिन्यांत सलग छत्तीस तास ड्युटी करून रूमवर यायचो आणि बुटासकट झोपायचो, रूममध्ये जोडी होती कपाटावर, एप्रिलमध्ये खाली काढली तर दायाची पुडी, म्हणजे उजव्या तबल्याचं कातडं, किनारीला फाटलेली आणि शाई भेगाळलेली, मी ती तशीच परत वर ठेवली कारण नवीन पुडी चढवायला नेणार कोण आणि कधी. त्यामुळे भूलवाली ताई म्हणतात ते पीजी संपल्यानंतरचं आहे, मधली तीन वर्षं त्यांनी सांगितलीच नाहीत. ताई, त्या तीन वर्षांत तुम्ही खरंच रोज अर्धा तास गात होता का?

भूलवाली:
नाही. त्या तीन वर्षांत नव्हते गात. पहिल्या वर्षात तर एकदाही नाही. बावीस वर्षं मी त्यानंतरची मोजली. तू विचारलंस म्हणून लिहिते, परत सुरू केलं तेव्हा तार सप्तकात गंधारापर्यंत जायचा आवाज मध्य सप्तकातल्या मध्यमालाही नीट लागत नव्हता, आणि पहिला महिना मी दार लावून रडत गायलेय. पण आला परत. वर्षभरात आला.

देवासकर, मुक्काम इंदूर:
आला परत यावरून कुमारजी, कुमार गंधर्व, आठवले. क्षयाने एक फुप्फुस गेलं, १९४८ मध्ये देवासला आले ते माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून, जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद, डॉक्टरांनी बोलायलासुद्धा कमी सांगितलेलं. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि माणूस वाचला. पडून असताना खिडकीतून बायकांची लोकगीतं ऐकत होते, त्यातून पुढचं सगळं गाणं निघालं. म्हणजे खंड पडला की संपलं असं नाही. आणि औषध नसतं तर तो आवाज आपल्याला मिळालाच नसता. मुलीने दोन्ही का सोडू नये, हे एवढ्या एका उदाहरणात आहे.

तानपुऱ्यामागचा:
कुमारजी अकरा-बारा वर्षांचे असताना मैफली गाजवत होते. तो खंड तयार गवयाच्या आयुष्यात पडला. हिचा बहलावा अजून बसायचाय. कच्च्या मडक्यात पाणी ठेवून बघणं वेगळं, भाजलेल्यात वेगळं.

सरकारी बाप:
मग डॉ. श्रीराम लागू? कान-नाक-घसा सर्जन होते, प्रॅक्टिस केली, आफ्रिकेत नोकरी केली, आणि चाळिशी ओलांडल्यावर १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर गेले. आधी पोटापाण्याचं पक्कं केलं.

तानपुऱ्यामागचा:
लागू कॉलेजपासून नाटक करत होते, बंद कधीच केलं नव्हतं. आणि नटाला चाळिशीत सुरुवात चालते, म्हाताऱ्याच्या भूमिका असतात. तान घ्यायला गळा विशीतच वळवावा लागतो. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं नाव कुणीतरी घेईलच म्हणून मीच घेतो, त्यांनी बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली आणि केवढ्या मोठ्या गायिका आहेत, पण गुरू घरात होती, आई. प्रयोगशाळेतून घरी आलं की गाणं समोर. हिला हॉस्टेलच्या टाकीमागे गावं लागतंय.

भूलवाली:
बुवा, गळा विशीतच वळतो हे मान्य. मी रात्रभर विचार केला, तबलावाल्याच्या प्रश्नानंतर. पीजीच्या आधी घ्यायची हे कदाचित बरोबर आहे, नंतर घेईन म्हटलं की राहतंच. पण पूर्ण दोन वर्षं वैद्यकी बंद करायला माझा अजूनही विरोध आहे. काळी पाच, इंटर्नशिप संपली की तुझं पक्कं रजिस्ट्रेशन होईल. शहरातल्या नर्सिंग होममध्ये आरएमओ, म्हणजे ड्युटीवरची निवासी डॉक्टर, म्हणून आठवड्याच्या तीन रात्री कर. हात राहील, पगार येईल, बाबांना दिसेल की मुलगी डॉक्टर आहे. चार दिवस पूर्ण गाणं.

तानपुऱ्यामागचा:
रात्री? रात्र जागून पहाटेचा खर्ज कसा लागेल? जागरणाने पित्त चढतं, घसा सुजतो, हे तुम्हीच डॉक्टर लोक सांगता. तीन रात्री म्हणजे तीन सकाळी गेल्या आणि पुढच्या तीन अर्ध्या गेल्या. मग परत चाळीस मिनिटंच.

चाट सुटलेला तबला:
हे खरंय, नाइटनंतरचा दिवस मोजूच नका, तो दिवस नसतोच.

काळी पाच:
काल गुरुजींना सगळं सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं पण. त्यांनी हमीर थांबवला. म्हणाले इंटर्नशिप संपेपर्यंत सकाळी फक्त यमन, त्यातही पहिले तीन महिने नुसतं मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, चाळीस मिनिटं पुरतील, दुसरं काही आणू नकोस. दोन वर्षांचं त्यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. विचारलं, बाबांना एकदा घेऊन येशील का, त्यांनी तुझं गाणं शेवटचं कधी ऐकलं? मला आठवेना. बहुतेक दहावीत.

भूलवाली ताई, आरएमओचं आवडलं, म्हणजे हात जाईल ही भीती मलाही आहे, मी लिहिलं नव्हतं. पण बुवा म्हणतात ती रात्रीची अडचण पण खरी आहे. दिवसाचं काही मिळेल का, दुपारी दोन ते सहा वगैरे, एखाद्या दवाखान्यात? सकाळी रियाज, दुपारी ओपीडी, सात वाजता गुरुजी.

भूलवाली:
मिळेल. रात्रीपेक्षा पैसे कमी मिळतील आणि सर्दी-तापच जास्त बघायला लागतील, नळी टाकायला मिळणार नाही. त्यासाठी महिन्यातून दोन सकाळी माझ्या थिएटरला येऊन उभी राहा, परवानगीचं मी बघते. आणि बाबांना गुरुजींकडे घेऊन जायचं ते आधी कर.