वळीव म्हणजे अवकाळी का?

शब्दशोधक: मे महिन्यात कोल्हापुरात पाऊस झाला की मथळा येतो, ‘अवकाळीने झोडपले’. घरी मात्र सगळे ‘वळीव आला’ म्हणतात. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि ‘वळवाचा’ लिहायचे की ‘वळिवाचा’?

शिवार: समानार्थी नाहीत, आणि ही गल्लत खरंच खटकते. अवकाळी म्हणजे ज्याची वेळच नाही असा पाऊस. गुऱ्हाळे सुरू असताना डिसेंबर-जानेवारीत पडतो तो अवकाळी. अंगणात वाळत घातलेले चिपाड (रस काढल्यावर उरलेला ऊस) भिजते, चुलवाणाला, म्हणजे रस आटवायच्या भट्टीला, जाळ लागत नाही, चिखलामुळे ऊस फडातून बाहेर निघत नाही. वळवाची मात्र शेतकरी वाट बघतो. भुदरगड, राधानगरीकडे भाताची धूळवाफ (कोरड्या मातीतली) पेरणी रोहिणी नक्षत्राच्या, म्हणजे मेअखेरीच्या, आसपास होते. त्याआधी रान नांगरायला, ढेकळे फुटायला वळीवच लागतो.

पर्जन्यमापक: शालेय भूगोलात हवा आणि हवामान असा भेद केलेला असतो. आज दुपारी काय झाले ती हवा. साधारण तीस वर्षांच्या नोंदींवरून मे महिन्यात सहसा काय होते ते हवामान. वळीव हवामानातच बसतो, म्हणून हवामान खाते मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम वेगळा मोजते. ‘अवकाळी’ ठरवायचे तर हवामानाशी ताडून पाहावे लागते.

आता तो पडतो कसा? उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश निवते. पुरेशी वाफ असेल तर ढग धरतो, आणि वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता त्याला आणखी वर रेटते. मेमध्ये सुमारे पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येते. त्याच्या बऱ्याच वर ढग गेला की गारा तयार होतात. खाली पडणाऱ्या सरींतले पाणी वाटेत थोडे उडून जाते, त्याने हवा गार व जड होऊन जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. म्हणून आधी वावटळ, धूळ, उडालेले पत्रे, सर मागून. असा एकेक ढग साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो. एका गावात ओढा भरतो, शेजारच्या गावात धूळ तशीच.

शिवार: वळवाला घाट लागत नाही, हेही जोडा. जिल्ह्याच्या पूर्वेला सपाटीवरच्या शिरोळमध्ये वळीव कोसळेल आणि पश्चिमेला घाटावरचा गगनबावडा कोरडा राहील. जुलैत उलटे. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्री चढताना निवतात, गगनबावड्यात झड लागते. पलीकडे उतरताना हवा तापते, म्हणून शिरोळच्या वाट्याला त्याच्या एक दशांशाच्या आसपासच येते. ‘झड’ हा शब्द त्या संथ, न थांबणाऱ्या पावसाचा, वळवासाठी वापरू नये.

पर्जन्यमापक: हा भेद चुकला की पेरणी चुकते. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, एकरी सुमारे 4,047 लिटर. 20 मिमी वळीव झाला तर एकरी 80 हजार लिटर पाणी पडते, पण अर्ध्या तासात. बरेचसे वाहून जाते, वर पापडी धरते. त्या ओलीवर सोयाबीन टाकले तर उगवते आणि पुढच्या उघडिपीत करपते. म्हणून 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय पेरू नका असे सांगतात. (धूळवाफ वेगळी, तिथे बी कोरड्या मातीतच पडून पावसाची वाट पाहते.)

शब्दशोधक: मग सरकारी कागदातला ‘अवेळी पाऊस’?

पर्जन्यमापक: तो नुकसानभरपाईच्या भाषेतला शब्द. मेमधल्या वळवाने केळी आडवी केली तर कागदावर ‘अवेळी’च लिहितात. तिथे तसेच लिहावे. बातमीत मात्र ‘वळवाने केळी आडवी’ लिहिले तर नुकसान कमी होत नाही आणि शब्दही जागेवर राहतो.

शिवार: रूपाबद्दल: कापूस–कापसाचा, बेरीज–बेरजेचा, तसे वळीव–वळवाचा. ‘वळिवाचा’ही छापलेला दिसतो, आपल्याकडे बोलण्यात मात्र ‘वळवाचा’च.