श्रुतलेखन बंद नको, पण बोलीचा विचार करा

'मोबाइल चुका दुरुस्त करतोच, मग पोरांना दर शनिवारी श्रुतलेखनाचा ताप कशाला', हे काही पटलं नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे सगळेच शब्द बरोबर आहेत, मोबाइल कशाला खूण करेल? पण घोकून दहा शब्द लिहायला लावणंही फुकटच. माझी मुलगी 'फूल' बरोबर लिहायची आणि पुढच्याच ओळीत 'फुलाला'ऐवजी 'फूलाला'. शब्द पाठ होता, नियम कुणी सांगितलाच नव्हता. 'जीभ-जिभेला', 'मूल-मुलाला' अशा चार जोड्या समोर ठेवल्या तर एका दुपारी समजला. (मग 'शरीर'चं 'शरिराला' केलं तिनं. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा अपवाद सांगायला आणखी एक दुपार.)

आणि आपल्या नागपूरची गोष्ट तर वेगळीच. इकडं घरोघरी 'पानी' आणि 'डोया' (डोळा) ऐकतच पोरं मोठी होतात. मी तिसरीत असताना आमच्या बाईही बोलता बोलता 'पानी'च म्हणायच्या. श्रुतलेखनात ऐकलं तसं लिहिलं, तर लाल शाईची रेघ आणि वरून 'कान नाहीत का तुले?' कान होते म्हणूनच तर चुकलं ना! आता लेकीला मी सांगतो, घरी 'पानी'च म्हण, कागदावर 'पाणी' लिही. तिला दोन्ही जमतं. शाळेनं श्रुतलेखन घ्यावं, पण मार्क कापण्याआधी बोलीतला शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाच्या शेजारी लिहून दाखवावा.